माळ्यावरची पोथी, काचेआडची पोथी

पुण्याच्या पेठांमधला एखादा वाडा पाडायला निघाला की सगळ्यात आधी माळा रिकामा होतो. पितळेची भांडी मोडीत जातात, शिसवी पलंग जुन्या बाजारात जातो, आणि तांबड्या फडक्यात बांधलेली दोन-चार गाठोडी 'यांचं काय करायचं' म्हणून जिन्याशी पडून राहतात. आत असतात पोथ्या, मोडीतले कागद, पणजोबांनी बांधून घेतलेली मासिकं, जुनी पंचांगं. घरातलं कुणीतरी म्हणतं, "संग्रहालयाला देऊन टाकू." लगेच दुसरं कुणी म्हणतं, "आधी किंमत तरी विचारा."

दोघांनीही धरून चाललेलं असतं की जुनं ते दुर्मिळ आणि दुर्मिळ ते महाग. जुन्या वास्तूंमधली संग्रहालयं बघताना, तिथल्या पेटीतली पुस्तकं आणि नवलाच्या वस्तू समजून घेताना हे गृहीत आड येतं. माझ्या मते पुस्तकाचं वय हा त्याच्याबद्दलचा सगळ्यात कमी उपयोगाचा तपशील आहे. अशा किती प्रती उरल्या, ही प्रत कशावर आणि कशाने उतरली, आणि इथवर कुणाकुणाच्या हातून आली, हे आधी विचारावं. जाणकार वय बघतात ते त्यानंतर.

छापली किती, उरली किती

पंचांग घ्या. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं, आणि पुढे हा घराघरात दर वर्षी येणारा जिन्नस झाला. पण पाडव्याला नवं आलं की जुनं निघालं, कधी बंबात तर कधी पुड्या बांधायला. म्हणून त्या काळातली ज्ञानेश्वरी सापडते, धड पंचांग सापडत नाही. ज्ञानेश्वरी देवघरात होती, कापडात गुंडाळलेली होती, तिला हात लावण्याआधी हात धुतले जात. शाळेची क्रमिक पुस्तकं, नाटकाची हस्तपत्रकं, लग्नपत्रिका, पाककृतींची पातळ पुस्तकं यांचं नशीब पंचांगाचंच. ज्यांचा रोज उपयोग झाला ती वापरात संपली, आणि संपली म्हणूनच आज दुर्मिळ आहेत.

याचं टोकाचं उदाहरण गोव्याचं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. काव्य आपल्यापर्यंत पोहोचलं ते कुणीकुणी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमधून. छापलं म्हणजे टिकलं, असं म्हणणाऱ्याला हे एवढंच सांगावं.

मराठी छपाईत १८०५ हे साल मोठं गमतीचं आहे. बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून निघालं, आणि त्याच साली मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून गीता छापून घेतली. मिरजेच्या या कामाचं मूळ पुण्यात आहे. नाना फडणविसांच्या हयातीत इथे तांबटाकडून पत्रे कोरून घेण्याची खटपट सुरू झाली होती. १८०० साली नाना गेले आणि ती खटपट मिरजेला गेली. पुण्याचे तांबट त्या वेळी नुसते हंडे-घंगाळी घडवत नव्हते. गंगाराम तांबट हा चित्रकार इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी चितारत होता. पेशव्यांच्या पर्वतीजवळच्या शिकारखान्यातला, म्हणजे प्राणिसंग्रहातला, गेंडाही त्याने १७९० साली काढला. तो गेंडा आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पर्वतीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला पर्वतीचा गेंडा बघायला अटलांटिक ओलांडावा लागतो!

आता माळ्यावरच्या गाठोड्याकडे वळू. आडव्या, सुट्या पानांची पोथी निघाली की घरचे लोक ती हस्तलिखित आहे असं धरून चालतात. बऱ्याचदा ती शिळाछाप असते. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईची अक्षरं उतरवायची, दगड ओला करायचा, मग त्यावर छापाची शाई फिरवायची. शाई तेलकट जागेला चिकटते, ओल्या जागेला चिकटत नाही. वर कागद ठेवून दाबला की पान तयार. देवनागरीतल्या जोडाक्षरांसाठी शेकडो खिळे ओतून घ्यावे लागत. ती दगदग यात नव्हती, लेखनिकाचं वळण जसंच्या तसं कागदावर येई. शिवाय छापणाऱ्यांनी धोरणाने पोथीचं रूपही तसंच ठेवलं, कारण गिऱ्हाईकाला पारायणाला पोथी हवी होती, पुस्तक नको होतं.

फरक ओळखायला भिंग पुरतं. बोरू दौतीत बुडवला की पहिली काही अक्षरं गडद उमटतात, मग फिकी होत जातात, मग पुन्हा गडद. असा चढउतार दिसला तर पोथी हातची. काळेपणा पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारखा असेल तर शिळाछाप. खिळ्यांनी छापलेलं पान तिरप्या उजेडात धरलं तर मागच्या बाजूला अक्षरांचा दाब उठलेला दिसतो, शिळाछापात तो नसतो. शेवटचं पानही नीट बघायचं. तिथे पुष्पिका असते, म्हणजे कुणी, कुठे, कोणत्या तिथीला, कुणासाठी लिहिलं याचा मजकूर. शके दिलं असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन मिळेल. शके १७५३ म्हणजे १८३१. वर्षाच्या अखेरीच्या महिन्यांत एका वर्षाचा फरक पडतो, तेवढा ध्यानात ठेवावा.

पोथी शिळाछाप निघाली म्हणून हिरमुसायचं कारण नाही. समासात कुणी पाठभेद लिहिलेत का, कोणत्या संस्थेचा शिक्का आहे, कुणी कुणाला कधी भेट दिली याची ओळ आहे का, ते पाहावं. हजार सारख्या प्रतींमधली एक वेगळी ठरते ती अशा खुणांमुळे. काही विक्रेते 'स्वच्छ प्रत' दिसावी म्हणून ही नावं खोडतात. असलं काम करणाऱ्याच्या हाती मी तरी वाण्याची यादीसुद्धा देणार नाही.

तीनशे वर्षांचा कागद ठणठणीत, शंभर वर्षांचा आजारी

संग्रहालयात लोकांना सगळ्यात न पटणारी गोष्ट ही. पेशवाईतला कागद अजून बोटांत लवतो, आणि आजोबांच्या वेळचं वर्तमानपत्र घडी उलगडताना पापडासारखं मोडतं. कारण दोन्ही कागद मुळातच वेगळ्या गोष्टींचे आहेत.

जुना हातकागद चिंध्या, ताग, जुने दोर, गोणपाट यांपासून होई. हा माल चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, कुटायचा, धुवायचा, पुन्हा कुटायचा. यातून मिळणारे तंतू लांब आणि चिवट असतात. चुन्याचा थोडा अंश कागदात राहून जातो आणि पुढे हवेतून किंवा शाईतून येणारं आम्ल तो मारत राहतो. वाळलेल्या तावाला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं, म्हणजे शाई फुटत नाही. जुन्नरचा कागद नावाजलेला होता. दौलताबादजवळचा कागजीपुरा याच धंद्यावर वसला आणि पुण्यात कसबा पेठेतला कागदीपुराही कागद करणाऱ्यांचाच.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. खळीच्या जागी राळ आणि तुरटी आली. मग १८४० नंतर युरोपात लाकूड दळून त्याचा लगदा वापरायला सुरुवात झाली. कागद स्वस्त झाला, म्हणून वर्तमानपत्रं स्वस्त झाली, म्हणून वाचक वाढले. हा व्यवहार मला वाईट वाटत नाही. पण त्याचा हप्ता आपण आज भरतो आहोत. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होतं. कागदाचा जीव म्हणजे सेल्युलोजची लांबच लांब साखळी. आम्ल आणि दमट हवा मिळून ती साखळी जागोजागी तोडतात. तुकडे आखूड झाले की कागद वाकत नाही, मोडतो. लाकडातलं लिग्निन उजेडाने पिवळं-तपकिरी पडतं, ते वेगळंच.

निबंधमाला १८७४ ची, केसरी १८८१ चा, सुधारक १८८८ चा. पुण्यात छापील शब्दाला धार आली त्याच काळात हा नवा कागद जगभर पसरत होता. त्यामुळे संवर्धन करणाऱ्यांची खरी झोप उडते ती साधारण १८७० पासून पुढच्या शंभर वर्षांतल्या मालापायी. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या क्षारांच्या द्रावणाने कागदातलं आम्ल मारता येतं. ऱ्हास मंदावतो, पण तुटलेली साखळी जुळत नाही. मोडणारा कागद पुन्हा लवचीक होत नाही. म्हणून आधी त्याचं छायाचित्रण करून घेतात आणि मग मूळ प्रत आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत आडवी ठेवतात.

हे आम्ल एका कागदातून शेजारच्या कागदात जातं. घरी एखादं चांगलं पुस्तक उघडून बघा. आत कुणी वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलेलं असेल तर त्या आकाराचा तपकिरी डाग समोरच्या पानावर पडलेला दिसेल.

शाईचंही असंच आहे. आपली पारंपरिक काळी शाई म्हणजे दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी. काजळी हा कार्बन. तो उजेडाने उडत नाही, कागदाला इजा करत नाही. पाण्याने मात्र डिंक सुटतो आणि ओळी वाहून जातात. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणि हिरड्यासारखं तुरट फळ यांची शाई पाण्याला दाद देत नाही, पण तिच्यातलं लोह आणि आम्ल कागद खातं. अशा कागदात अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराची भोकं पडलेली दिसतात.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं ते पेन्सिलीने. २ नोव्हेंबर १९१० ला सुरू केलेलं लेखन ३० मार्च १९११ ला पुरं झालं आणि पुस्तक छापून आलं ते १९१५ साली. पेन्सिलीचं शिसं हाही कार्बनच. ते फिकं पडत नाही, त्यात आम्ल नाही, ते पाण्यात विरघळत नाही. भीती फक्त घासलं जाण्याची. तुरुंगातल्या माणसाच्या हाती आलेलं हे साधन टिकाऊपणात चांगल्या शाईलाही मागे टाकणारं होतं. आजही कोणत्याही अभिलेखागाराच्या वाचनकक्षात बसा, टिपणं काढायला पेन्सिलच वापरायला सांगतात.

पोथीत मधेच पिवळा पट्टा दिसला तर तो हरताळाचा. चुकलेलं अक्षर झाकायला लेखनिक तो लावत, आणि किडीला दूर ठेवायलाही त्याचा उपयोग होई. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर निदान इथे तरी आवरा.

तेल, पाणी आणि सैल गाठ

जुन्या लेखनिकांना संवर्धनाचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण पोथीच्या शेवटी ते एक श्लोक लिहून ठेवत:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पुस्तक म्हणतं. आजच्या तज्ज्ञांच्या सूचनापत्रात याहून फार वेगळं काही नसतं. घट्ट बांधलेल्या रुमालात पान वाकडं होत नाही, धूळ शिरत नाही, किडीला वाट मिळत नाही. आत वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा पाला, कुठे सापाची कातही ठेवत. समर्थांनी तर दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास खर्ची घातला आहे, एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. त्यात ते सांगतात की भोवताली जागा सोडून मधेच लिहावं, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षराला धक्का लागत नाही. समास शोभेसाठी सोडतात असं समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. झडायला दिलेली ती जागा आहे.

पुण्यात पाण्याचा धोका दोन प्रकारचा. एक हवेतला. एप्रिलच्या दुपारी इथली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि श्रावणातल्या सकाळी ८० च्या वर जाते. कागद ओलावा पितो आणि सोडतो, फुगतो आणि आकसतो. बांधणीच्या गोंदाचा आणि कापडाचा वेग वेगळा, त्यामुळे शिवण ताणली जाते. ६५ टक्क्यांच्या वर बुरशीला अनुकूल. म्हणून संग्रहालयं हवा ५० टक्क्यांच्या आसपास आणि शक्य तितकी स्थिर ठेवायला धडपडतात. दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद, हा प्रकार काहीच न लावण्याहून वाईट. जाड भिंतींचा जुना वाडा या बाबतीत काचेच्या इमारतीपेक्षा शहाणा असतो, तो बाहेरचे झटके आत येऊ देत नाही. फक्त त्याच्या तुळया-खांब वाळवीला आवडतात.

दुसरं पाणी १२ जुलै १९६१ चं. पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये घराघरांतली पुस्तकं, दप्तरं, चित्रं चिखलात गेली. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. सगळं एकदम वाळवता येत नसेल तर आज पुस्तकं गोठवतात, म्हणजे काळ थांबतो आणि मग एकेक सावकाश सुकवता येतं. थंडीचा उपयोग किडीवरही होतो. उणे २० अंशांना आठवडाभर किंवा थोडं जास्त ठेवलं की कसर, अळ्या, अंडी सगळं मरतं आणि पानांना विषारी धूर लागत नाही. त्या १९६१ च्या चिखलात शीतगृहांचा विचार करायला कुणाला उसंत होती म्हणा!

आगीचा इतिहासही आपल्याकडे आहे. १८२८ साली शनिवारवाडा जळला, १८७९ साली बुधवार वाडा जळाला आणि विश्रामबागवाड्यालाही झळ लागली. श्लोकातल्या चौथ्या इशाऱ्यासाठी ५ जानेवारी २००४ हा दिवस आठवावा. त्या दिवशी भांडारकर संस्थेवर जमाव चालून आला, कपाटं उलथली, पोथ्या आणि पुस्तकं जमिनीवर पडली. ज्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करायला जवळजवळ अर्धं शतक दिलं, तिथे.

श्लोकात नसलेला शत्रू म्हणजे उजेड. उजेड लक्समध्ये मोजतात, आणि कागद आणि जुने रंग यांच्यासाठी ५० लक्स ही मर्यादा मानतात. आपल्या कार्यालयात सहज ३०० ते ५०० लक्स असतो. उजेडाची इजा साठत जाते आणि दिवा घालवला तरी भरून निघत नाही. म्हणून पेटी अंधारी असते, म्हणून पुस्तक एकाच पानावर उघडलेलं दिसतं, आणि म्हणून काही महिन्यांनी ते पान बदलतात किंवा प्रतच उचलून आत ठेवतात. "मागच्या वेळी होती ती पोथी कुठे गेली?" या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'विश्रांतीला' असंच असतं.

पांढऱ्या हातमोज्यांबद्दल एक. सिनेमात ते दिसतात, पण कागदासाठी धुतलेले, कोरडे उघडे हात बरे. मोज्यात बोटाची जाण जाते आणि पान फाटतं. धातूच्या वस्तू आणि छायाचित्रं हाताळताना मात्र मोजे हवेतच.

वाड्यात ठेवल्याने काय होतं

पुण्यात ऐतिहासिक घरांची संग्रहालयं म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. गंज पेठेतल्या महात्मा फुल्यांच्या वाड्यात पाण्याचा हौद आहे. १८६८ साली जोतीरावांनी तो अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. हा हौद काचेच्या पेटीत ठेवता येत नाही आणि ठेवायची गरजही नाही. तो जिथे आहे तिथे असण्यातच त्याचा अर्थ आहे. केसरीवाड्यात टिळकांच्या वापरातल्या वस्तूंचंही तसंच.

पण तिथेच मादाम कामांनी १९०७ साली जर्मनीत स्टुटगार्टला फडकावलेला ध्वजही आहे. तो इथला नाही. इंदुलाल याज्ञिकांनी तो चोरून हिंदुस्थानात आणला आणि अखेर केसरी-मराठा ग्रंथालयात पोहोचवला. वस्तू इथवर कशी आली याला संग्रहालयवाले फार महत्त्व देतात. हा माग तुटला तर उरतं ते जुन्या कापडाचं एक फडकं.

आणि मग शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा संग्रह उभा केला. आज तिथे २०,००० हून जास्त वस्तू आहेत आणि त्यातला थोडाच भाग मांडलेला असतो. अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या, वाद्यं, कोरीव दारं. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल म्हणजे तर घरात ठेवलेलं घर. कवीच्या डोळ्याने जमवलेला हा संग्रह आहे, पुरातत्त्वज्ञाच्या नव्हे, हे तिथे फिरताना जाणवतं. त्याचा फायदा मोठा, कारण पाय घासायची वज्री जपून ठेवावी असं त्या काळात किती विद्वानांच्या मनात आलं असतं? पंचांगाचं जे झालं तेच वज्रीचं झालं असतं. तोटाही आहे. अशा संग्रहात एखादी वस्तू नेमक्या कोणत्या घरातली, कोणत्या कोनाड्यातली, हे दर वेळी कळेलच असं नाही. देखणेपणा समोर असतो, घराणं धूसर असतं.

पुस्तकाचं आणि वस्तूचं नातं इथे उलगडतं. दौत, बोरू, वाळूदाणी, रुमाल, पोथी ठेवायचं लाकडी व्यासपीठ हे सगळं शेजारी असलं की पोथी हा रोजच्या कामाचा भाग होता हे कळतं. नुसतं पान पाहून ते कळत नाही. वाळूदाणीतली बारीक वाळू ओल्या शाईवर टाकत, आणि मोडी कागदांच्या घडीत तिचे चकाकणारे कण अजून निघतात. ते झटकून टाकू नयेत.

तुमच्या गाठोड्याचं काय

पहिली गोष्ट, चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि निघत नाही. प्लास्टिकचं लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण ते उष्णतेने चिकटवतात आणि परत फिरण्याची वाटच बंद होते. दुरुस्तीचा नियमच असा आहे की उद्या ती सोडवता आली पाहिजे. म्हणून जाणकार गव्हाच्या पिठाची खळ आणि पातळ जपानी कागद वापरतात. उन्हात वाळत घालू नका, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर पसरा. मऊ कुंचल्याने धूळ काढा. डांबराच्या गोळ्यांपेक्षा दोन महिन्यांतून एकदा उघडून बघणं जास्त कामाचं, कारण कसर आणि वाळवी यांना सगळ्यात जास्त आवडतं ते कुणी हात न लावलेलं कपाट.

मोडी कागद वाचता येत नसले तरी रद्दीत घालू नका. जमिनीचे, कर्जाचे, वतनाचे व्यवहार त्यांत असतात. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी काढलं ते असेच घराघरांतले कागद गोळा करून वाचण्यासाठी, आणि पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, आहेत. पुण्यात मोडी शिकवणारे वर्गही भरतात.

विकायचा विचार असेल तर कायदा माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित हा पुरावशेष ठरतो, इतर वस्तूंना ही मर्यादा १०० वर्षांची आहे. असा माल खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पोथी पाठवायची असेल तर ती हातची आहे की शिळाछाप, आणि किती जुनी आहे, हे आधी बघा.

द्यायचं ठरवलं तर संस्थेला आधी विचारा की ते घेतील का. सगळंच घेत नाहीत, त्यांच्याकडे जागा, माणसं आणि पेट्या मोजक्या असतात. तुमच्याकडची गीता त्यांच्याकडे आधीच दहा प्रतींत असेल आणि ज्या मळक्या जमाखर्चाच्या वहीकडे तुम्ही पाहिलंही नाही तीच ते मागून घेतील. गाठोडी सोडवून विषयवार लावून नेऊ नका, जी जशी बांधलेली आहेत तशीच न्या. सोबत एका वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने, लिहून ठेवा: कोणत्या वाड्यातली, माळ्यावरची की देवघरातली, कोणत्या पेटीत, सोबत आणखी काय होतं, घरात कोण लिहीत-वाचत असे. देणगीची पावती घ्या आणि दाखल नोंदवहीत प्रत चढली की तिचा क्रमांकही टिपून ठेवा. पुढे तुमच्या नातवाला ती पोथी वाचनकक्षात मागवायची झाली तर तो क्रमांकच लागेल.